रात्री दीड वाजता लहान मुलांच्या इमर्जन्सीचा डॉक्टर कुठे शोधायचा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नागपूरहून बदली होऊन पुण्यात आलात, मुलगी २० महिन्यांची, रात्री दीडला ताप चढला आणि आकडी आली, फोनवर शोधून जे पहिलं हॉस्पिटल दिसलं तिकडे गाडी घातली, तिथे म्हणाले लहान मुलांचे डॉक्टर नाहीत पुढे जा, दुसरीकडे म्हणाले बेड नाही, आणि तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. आकडी तोवर आपोआप थांबली होती पण तो पाऊण तास तुम्हाला दोघांना अजून झोपू देत नाही. आणि आता विचारताय की मुलांच्या इमर्जन्सीचे स्पेशालिस्ट डॉक्टर शोधायचे कसे, कोणाचं नाव नंबर सांगता का.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, १९ वर्षं झाली, पहिली ६ तालुक्याच्या गावी आणि नंतरची सगळी शहरात, मुलांची कॅज्युअल्टी आणि पीआयसीयू, म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग. म्हणून आधीच सांगते, नाव मी देणार नाही आणि तुम्हीही नाव शोधू नका. कितीही चांगला डॉक्टर असला तरी रात्री दीडला तो त्या दारात उभा असेलच असं नाही, आम्हीपण घरी जातो, झोपतो, गावाला जातो. शोधायचं ते हॉस्पिटल, आणि तेसुद्धा मूल ठणठणीत असताना, एखाद्या मंगळवारी दुपारी.

आधी हे समजून घ्या की बोर्डावर '२४ तास इमर्जन्सी' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय. आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिन ही वेगळी शाखा म्हणून मान्य झाली तीच २००९ मधे, म्हणजे हे शास्त्रच आपल्याकडे तरुण आहे, आणि त्यातही फक्त मुलांची इमर्जन्सी शिकलेले डॉक्टर फार थोडे, तेही बहुतेक मोठ्या शहरांत. त्यामुळे बहुतेक ठिकाणी रात्री कॅज्युअल्टीत जे असतात ते आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलचे ड्युटी डॉक्टर, कुठे एमबीबीएस कुठे बीएएमएस, आणि बालरोगतज्ज्ञ असतात 'ऑन कॉल'. ऑन कॉल म्हणजे घरी. फोन गेल्यावर निघणार, पार्किंग, लिफ्ट, मधे अर्धा तास सहज जातो. मी त्या आरएमओंना नावं ठेवत नाही, त्यातले कितीतरी जण उत्तम काम करतात आणि सलाईनची सुई लावण्यात माझ्यापेक्षा हात चांगला असलेलेही बघितलेत, पण ज्याने गेल्या सहा महिन्यांत एक वर्षाच्या आतल्या बाळाला सुई टोचलेली नाही त्याला तुमचं थरथरणारं बाळ बघून घाम फुटतो, आणि मग तो घाबरून 'पुढे न्या' म्हणतो. तुमच्या बाबतीत पहिल्या ठिकाणी बहुतेक हेच झालं.

मूल म्हणजे छोटा माणूस नाही हे वाक्य आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात आणि ते अक्षरशः खरं आहे. औषध वजनावर, सलाईन वजनावर, श्वासाची नळी वयाप्रमाणे वेगळ्या मापाची, मास्क वेगळा, बीपीचा पट्टा वेगळा. मोठ्या माणसाचं बीपी पडलं की कळतं, मुलाचं बीपी शेवटपर्यंत टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून 'बीपी नॉर्मल आहे' हे ऐकून आम्ही कधी निश्चिंत होत नाही. आम्ही हात पाय गार आहेत का बघतो, नखावर दाबून रक्त परत यायला किती वेळ लागतो ते बघतो, मूल आईकडे बघतंय का बघतो. ज्याची नजर यावर तयार झालेली आहे असा एक माणूस रात्री त्या इमारतीत हजर असला पाहिजे, तुम्हाला एवढंच शोधायचं आहे.

तर मंगळवारी दुपारी काय करायचं. घरापासून अर्ध्या तासात येणारी तीन-चार हॉस्पिटलं काढा आणि शक्यतो प्रत्यक्ष जा, फोनवर रिसेप्शन सगळ्याला 'हो सर अव्हेलेबल आहे' म्हणतं. कॅज्युअल्टीत जाऊन तिथल्या सिस्टरना विचारा, रिसेप्शनला नाही. रात्री बालरोगतज्ज्ञ किंवा बालरोगाचे रेसिडेंट, म्हणजे त्या शाखेचं शिक्षण घेणारे डॉक्टर, इमारतीत असतात का घरून येतात? पीआयसीयू आहे का? इथे गल्लत होते बघा, एनआयसीयू म्हणजे नवजात बाळांचा, पीआयसीयू म्हणजे त्यापुढच्या मुलांचा, 'एनआयसीयू आहे' म्हणजे तुमच्या २० महिन्यांच्या मुलीची सोय आहे असं नाही. मुलाला व्हेंटिलेटर लागला तर इथेच ठेवता का दुसरीकडे पाठवता? रात्री लॅब आणि एक्सरे चालू असतो का? आणि शेवटचा प्रश्न माझा आवडता आहे, काल रात्री किती मुलं आली होती? जिथे सिस्टर हसून म्हणते 'अहो रात्री सात-आठ तर येतातच' तिथे हात चालू असतात. जिथे ती विचारात पडते तिथे मशीन नवीन असेल, लॉबी चकचकीत असेल, पण सराव नसेल.

पीएएलएस म्हणून एक कोर्स असतो, मुलांचा श्वास किंवा हृदय बंद पडतंय तेव्हा काय करायचं त्याचा. तिथल्या डॉक्टर आणि सिस्टरचा तो झालाय का हे विचारायला अजिबात लाजू नका. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते आणि ती ऑनलाइन बघता येते, पण इमर्जन्सीसाठी मी म्हणेन की तो वेळ कॅज्युअल्टी बघण्यात घालवा.

आणि सरकारी मेडिकल कॉलेजला यादीतून काढून टाकू नका, हे मी पोटतिडकीने सांगते कारण मध्यमवर्गीय आईबाबा पहिल्यांदा तेच काढतात. पुण्यात ससून, नागपूरला तुम्हाला माहीत असलेलं मेडिकल आणि मेयो, मुंबईत सायन, केईएम, नायर, जेजे, गोव्यात बांबोळीचं जीएमसी, इथे बालरोग विभागाचे रेसिडेंट रात्रभर जागे असतात आणि एका रात्रीत त्यांनी जेवढी झटक्याची, दम्याची, सर्पदंशाची मुलं बघितलेली असतात तेवढी मोठ्या खाजगी हॉस्पिटलमधे महिनाभरात येत नाहीत. गर्दी असते, एका बेडवर दोन मुलं असतात, कोणी गोड बोलत नाही, सगळं खरं. पण मुलाचा जीव धोक्यात असेल तर मला गोड बोलणारा नको, हात बसलेला हवा. मुंबईकरांना तर परळचं वाडिया आहे, १९२९ पासून फक्त मुलांसाठीचं, आणि हाजी अलीला मुलांचं वेगळं हॉस्पिटल आहे. पुण्यात खाजगीतही चार-पाच ठिकाणी चांगले पीआयसीयू आहेत, पण रात्रीची ड्युटी कोण करतं हे दर वर्षी बदलतं म्हणून परत सांगते, स्वतः जाऊन विचारा आणि वर्षातून एकदा परत विचारा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही पहिलीपेक्षा महत्त्वाची. ठरवलेलं हॉस्पिटल कधी आणि जवळचं कोणतंही हॉस्पिटल कधी. श्वास अडकलाय, ओठ निळे पडलेत, मूल शुद्धीवर नाही, आकडी पाच मिनिटं झाली तरी थांबत नाही, रक्त थांबत नाही, या वेळी सगळ्यात जवळचं दार, मग तिथे मोठ्यांचेच डॉक्टर असले तरी. ऑक्सिजन, सक्शन, आकडी थांबवायचं औषध, शुगर बघणं एवढं कुठल्याही कॅज्युअल्टीत होतं आणि व्हायलाच पाहिजे. तिथून स्थिर करून पुढे शिफ्ट करता येतं, तेव्हा फक्त एवढं म्हणा की 'पुढच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांशी तुम्ही बोला, बेड आहे का विचारा आणि मगच सोडा', म्हणजे तुमच्यासारखं दारोदार फिरावं लागत नाही. बाकी, म्हणजे ताप आहे पण मूल बघतंय बोलतंय, उलट्या आहेत पण थोडं थोडं पाणी टिकतंय, हात दुखावलाय, तेव्हा दहा मिनिटं जास्त लागली तरी आपण हेरून ठेवलेल्या ठिकाणीच जा.

यातला फरक कळायला एक नजर पुरते. मूल कसं दिसतंय, श्वास कसा घेतंय, रंग कसा आहे. मलूल, मान टाकलेली, उठवलं तरी परत डोळे मिटतंय, पाणी पाजलं तर पीत नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय, हे गंभीर. श्वास घेताना छातीखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या उडतायत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, हेही गंभीर. मोबाईलवर एक मिनिट लावून श्वास मोजा, मूल शांत असताना, २ महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, २ महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगात आहे. गावोगावच्या आशाताई हेच मोजून न्यूमोनिया पकडतात, तुम्हालाही जमेल. आणि ३ महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला तर वाट बघायची नाही, मग बाळ हसत का असेना.

१०८ अ‍ॅम्ब्युलन्सबद्दल लोकांच्या मनात उगाच शंका असते. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मधे ९३७ गाड्यांनी सुरू झाली, फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. फोन करताना 'लहान मूल आहे, वय इतकं, वजन इतकं, श्वासाचा त्रास आहे' हे पहिल्या वाक्यात सांगा आणि व्हेंटिलेटरवाली मोठी गाडी हवी असेल तर तसं म्हणा. शहरात रात्री रस्ता मोकळा असेल तर स्वतःच्या गाडीने लवकर पोचाल हे खरं, पण मग गाडी एकाने चालवायची आणि दुसऱ्याने मागे बसून फक्त मुलाकडे बघायचं. एकटे असाल आणि मूल आकडीत असेल तर गाडी चालवू नका, शेजाऱ्याचं दार वाजवा, रात्रीचे दोन वाजले म्हणून संकोच करू नका, आपल्याकडे मुलासाठी कोणीही उठतो.

तालुक्याला असणाऱ्या आईबाबांसाठीपण लिहिते, कारण माझी पहिली सहा वर्षं तिथे गेली आणि तिथे 'पीआयसीयू शोधा' हा सल्ला म्हणजे थट्टा ठरेल. तिथे कुठल्या गोष्टीला कुठे जायचं हे माहीत असणं हाच स्पेशालिस्ट. साप चावला तर ग्रामीण रुग्णालय, लस तिथे असते, आणि हे लक्षात ठेवा की सापाच्या विषावरच्या लसीचा डोस मुलाला मोठ्या माणसाएवढाच लागतो कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. कोणी 'लहान आहे म्हणून अर्धा डोस' म्हणालं तर नम्रपणे पण ठामपणे विचारा. विंचू चावला आणि मुलाला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर घरी थांबायचं नाही. कोकणातल्या लाल विंचवाने एके काळी किती मुलं नेली, मग महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन ही साधी स्वस्त गोळी यावर चालते हे दाखवून दिलं आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले, २०२२ मधे त्यांना पद्मश्री मिळाली. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण तो शोध पीआयसीयूत नाही लागला, तालुक्याच्या गावी पेशंटच्या बेडशेजारी बसून लागला. नवजात बाळ, २८ दिवसांच्या आतलं, निळं पडलं किंवा दूध ओढत नसेल तर जिल्हा रुग्णालयात एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचा खास विभाग असतो, उपचार फुकट, न्यायला गाडीपण फुकट.

काही गोष्टींना मात्र बालरोगतज्ज्ञ असून भागत नाही, तिथे वेगळ्या हाताची माणसं लागतात. शेंगदाणा, चिंचोका, सीताफळाची बी खाताना ठसका लागला, नंतर मूल बरं वाटलं, आणि दोन दिवसांनी खोकला थांबेना. याला दुर्बीण घालून बी काढणारे मुलांचे सर्जन किंवा ईएनटी लागतात, आणि साध्या एक्सरेत शेंगदाणा दिसत नाही, त्यामुळे ठसक्याची गोष्ट तुम्ही सांगितली नाही तर आठवडाभर न्यूमोनियाची औषधं चालतात. रिमोटमधला बटण सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांतच जळायला लागते, म्हणून 'शीतून बाहेर पडेल, केळं खायला द्या' हे ऐकायचं नाही, एंडोस्कोपी होते तिथेच जायचं. रॉकेल किंवा फिनाईल प्यायलं तर उलटी काढायला लावू नका, मीठपाणी नाही, बोट घालणं नाही, बाटली बरोबर घ्या आणि निघा. मुलगा पोटात दुखतंय म्हणतोय आणि लाजून खरं सांगत नाहीये, तर चड्डी काढून बघा, अंडाला पीळ पडला असेल तर हातात जेमतेम सहा तास असतात. आणि पावसाळ्यानंतर पुण्यात डेंग्यूची मुलं येतात तेव्हा आईबाबा ताप उतरला म्हणून खुश होतात, पण खरा धोका तिथेच सुरू होतो, ताप उतरल्यावर पोटात दुखणं, हातपाय गार, मूल चिडचिडं किंवा सुस्त असेल तर त्याच रात्री निघा.

एक आठवण अजून बोचते. आठ वर्षांची मुलगी, जोरजोरात श्वास घेत होती, दोन ठिकाणी न्यूमोनिया म्हणून नेब्युलायझर दिलं, आमच्याकडे आली तेव्हा सिस्टरने बोटातून एक थेंब रक्त घेऊन शुगर बघितली, मशीन नुसतं 'हाय' दाखवत होतं, म्हणजे शुगर मशीनला मोजता येणार नाही इतकी जास्त. पहिल्यांदाच कळलेला डायबेटीस. आईला विचारलं तर म्हणाली हो, महिनाभर सारखं पाणी पीत होती, परत अंथरूण ओलं करायला लागली होती. ती मुलगी वाचली, आज कॉलेजात आहे. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, मूल खूप आजारी दिसत असेल तर कुठल्याही कॅज्युअल्टीत 'शुगर बघितली का' एवढं विचारा. कोणाला राग येत नाही, आणि आला तर येऊ दे.

पैशाचं आणि पोलिसांचं. जळलेलं, विष प्यायलेलं, अपघाताचं मूल नेलं की 'पोलीस केस आहे, सरकारीत जा' असं अजूनही ऐकायला मिळतं. १९८९ मधे परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, आणि हे सरकारी खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. डिपॉझिट भरल्याशिवाय इमर्जन्सीचे प्राथमिक उपचारच करणार नाही, असंही चालत नाही. ट्रस्टच्या धर्मादाय हॉस्पिटलमधे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यांच्या सोशल वर्करला रात्रीच गाठा. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचारांच्या योजनेत असलेल्या हॉस्पिटलमधे मदतीला आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधारचा फोटो मोबाईलमधे ठेवा म्हणजे कागदासाठी कोणाला घरी पळावं लागत नाही. बेड नाही म्हणाले तर वाद घालत बसू नका, फक्त म्हणा 'बेड नसेल तर नसू दे, एकदा डॉक्टरांनी मुलाला बघा, आकडी थांबवा आणि मग कुठे बेड आहे ते फोन करून सांगा'. तुमच्या त्या दुसऱ्या हॉस्पिटलने एवढं करायलाच हवं होतं.

फ्रिजवर एक कागद लावा. मुलीचं नाव, जन्मतारीख, आजचं वजन आणि दर दोन महिन्यांनी ते खोडून नवीन, कशाची अ‍ॅलर्जी, चालू औषधं, हेरलेली दोन हॉस्पिटलं आणि त्यांच्या कॅज्युअल्टीचा थेट नंबर, मुख्य बोर्डाचा नाही, १०८, आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा. सासूबाई किंवा सांभाळणाऱ्या मावशी एकट्या असतील तर त्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात आणि मराठीत.

आता तुमच्या मुलीबद्दल. तापात आकडी ६ महिने ते ५ वर्षं या वयात शंभरात दोन ते पाच मुलांना येते, बघणाऱ्याला मूल गेलंच असं वाटतं आणि बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. परत आली तर जमिनीवर डाव्या कुशीवर ठेवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा बोट काही घालू नका, पाणी पाजू नका, कांदा चप्पल हुंगवू नका, जमलं तर दुसऱ्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा कारण तो आम्हाला दहा प्रश्नांची उत्तरं देतो. पाच मिनिटं झाली तर मिडाझोलामचा नाकातला स्प्रे, तो घरी ठेवावा का आणि किती पफ हे तुमच्या डॉक्टरांकडून वजन करून लिहून घ्या आणि रिकाम्या हाताने सराव करा, रात्री दीडला झाकण उघडायला शिकू नका.

ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची तपासणी) आणि मेंदूचा सीटी करायचा का विचारलंत. सगळ्या अंगाची आकडी होती, पंधरा मिनिटांच्या आत थांबली, २४ तासांत परत आली नाही आणि नंतर ती पूर्ववत खेळायला लागली, असं असेल तर दोन्हीची सहसा गरज नसते. एका बाजूचीच होती, किंवा नंतर तासभर झाला तरी ती नीट ओळखत नव्हती, तर मात्र उद्याच दाखवा, आणि जाताना त्या रात्रीच्या तिन्ही ठिकाणचे जे काही कागद असतील ते बरोबर न्या.